बटूचे कूळ

मराठीतील पुष्कळशा रंगांनी आपली नावे फळाफुलांकडून उसनी घेतली आहेत. जांभळा जांभळाकडून, डाळिंबी डाळिंबाकडून, गुलाबी गुलाबाकडून. परंतु ज्याला आपण तपकिरी म्हणतो त्या रंगाला नाव देणारी वस्तू फळही नव्हे आणि फूलही नव्हे, ती तंबाखू कुटून वस्त्रगाळ केलेली, चिमटीत मावणारी धूळ होय. घरातील वडीलधाऱ्यांच्या बंडीच्या खिशात पूर्वी जी चपटी डबी असे, तिचे झाकण टिचकी मारून उघडले म्हणजे आत दिसणारा तो रंग उजेड परत देण्यापेक्षा गिळून टाकण्यातच अधिक समाधान मानणारा असे, आणि म्हणूनच की काय, साड्यांच्या दुकानात वा देवापुढच्या रांगोळीत त्याला मानाचे पान क्वचितच मिळे. आकाशातील एका अत्यंत निस्तेज ज्योतीचे 'तपकिरी बटू' असे मराठी नामकरण ज्यांनी केले, त्यांच्या मनात ती डबी असेल असे वाटत नाही. तथापि धुळीवरून नाव पडलेल्या रंगाचा हा बटू पुढे स्वतःच धुळीच्या वेढ्यात बसलेला सापडावा, आणि त्याच्या कुळाचा दाखला त्या धुळीनेच द्यावा, हा योगायोग मोठा मनोहर आहे. त्या दाखल्याचा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. विचारणाऱ्याचा विरस होतो, आणि विचारलेल्याचीही शोभा जाते, हे त्यामागचे शहाणपण. खगोलवेत्त्यांचा धंदा मात्र असा, की कूळ आणि मूळ यांखेरीज दुसरे काही विचारणे त्यांना फारसे जमतच नाही. आणि ज्या बटूच्या बाबतीत त्यांनी हा प्रश्न अत्यंत चिकाटीने विचारला, त्याचा जन्म आकाशात होण्यापूर्वी कागदावर झाला होता.

ही गोष्ट १९६३ सालची. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे शिव कुमार या तरुण शास्त्रज्ञाने त्या वर्षी एक सरळ प्रश्न हाती घेतला. वायूचा ढग स्वतःच्या भाराने आकसत जातो, आकसताना त्याचे अंतरंग तापते, आणि ते पुरेसे तापले म्हणजे हायड्रोजनचे संमीलन सुरू होऊन तारा प्रज्वलित होतो, हे तोवर सर्वमान्य झाले होते; पण ढगच अपुऱ्या वजनाचा असेल तर काय होते? कुमार यांच्या गणिताने उत्तर दिले, की अशा गोळ्याच्या गाभ्यातील इलेक्ट्रॉनांची दाटी एका मर्यादेपलीकडे आकसण्यास हरकत घेते, आणि ती हरकत गाभा प्रज्वलनाइतका तापण्यापूर्वीच येते. मग त्या गोळ्याने जन्मतः मिळवलेली ऊब हीच त्याची आयुष्यभराची पुंजी, आणि ती खर्च करीत करीत निवत जाणे हाच त्याचा जीवनक्रम. सूर्याच्या जातीच्या द्रव्यासाठी ही सरहद्द त्यांनी सूर्याच्या सुमारे ०.०७ पट वस्तुमानावर, म्हणजे गुरू ग्रहाच्या ७५ पटींच्या आसपास आखली. त्याच वर्षी जपानमध्ये हायाशी आणि नाकानो हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाशी येऊन पोहोचले होते. ज्या मुलखात एकही रहिवासी कोणी पाहिला नव्हता, त्याची चतुःसीमा अशा रीतीने आधी दप्तरात नोंदवली गेली.

कुमार यांनी या अप्रज्वलित गोळ्यांना कृष्णबटू म्हटले होते. अडचण अशी, की विझून पूर्ण निवलेल्या श्वेतबटूसाठी ते नाव आधीच राखून ठेवलेले होते, आणि एकाच सनदेवर दोन वतनदार बसले म्हणजे तंटा ठरलेला. १९७५ साली जिल टार्टर यांनी आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात तो मिटवला. तांबडा रंग लालबटूंनी घेतला होता, काळा दिवंगत श्वेतबटूंचा होता, आणि या नव्या ज्योतीचा खरा रंग कोणता हे त्या वेळी कोणासही नेमके सांगता येत नव्हते. तेव्हा इंद्रधनुष्यात ज्याला जागाच नाही असा तपकिरी रंग त्यांनी निवडला. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता आले तर ही ज्योत काळपट तांबूस दिसावी. पण नाव एकदा रूढ झाले म्हणजे ते रंगाला जुमानत नाही.

नाव मिळाले तरी नावाचा धनी सापडेना. कुमार यांच्या गणितानंतर तब्बल ३२ वर्षे या शोधाचा धंदा बहुतांशी तोट्यातच चालला. आणि जेव्हा जेव्हा नफा झाल्याचे वाटले, तेव्हा तेव्हा तो पुढल्या हिशेबात बुडाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला व्हॅन बीसब्रोक ८ या ताऱ्याजवळ एक सोबती आढळल्याचे जाहीर झाले, त्याच्या भरवशावर विद्वानांनी चर्चा झडवल्या, आणि थोड्याच वर्षांत इतर निरीक्षकांनी त्याच जागी दुर्बिणी लावल्या तेव्हा तेथे कोणीच नव्हते. शोधणाऱ्यांचा त्यात फारसा दोष म्हणता येणार नाही. जो गोळा वयाने मोठा झाला की निवून अदृश्य होतो आणि लहान असतो तेव्हा सामान्य लालबटूसारखा दिसून चकवतो, त्याची ओळख पटवणे हे अंधारात दुसऱ्याची पगडी घालून हिंडणाऱ्या माणसाला नावाने हाक मारण्यासारखेच होते.

मग १९९५ हे एकच साल असे उगवले, की तीन दशकांचा दुष्काळ त्याने एका पावसाळ्यात फेडला. कृत्तिकांच्या पुंजक्यात स्पेनच्या रेबोलो, सापातेरो ओसोरिओ आणि मार्तिन या त्रयीला एक मंद ज्योत सापडली, आणि कॅनरी बेटांवरील ज्वालामुखीवरून तिला तेइदे १ हे नाव मिळाले. खरा तारा आपल्याजवळचे लिथियम जाळून टाकतो आणि पुरेसा हलका बटू ते शिलकीत ठेवतो, या कसोटीला पुढच्याच वर्षी ती उतरली. ऑक्टोबरात फ्लॉरेन्स येथे भरलेल्या परिषदेत एकापाठोपाठ एक अशा दोन वार्ता सांगितल्या गेल्या: सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह, आणि ग्लीझे २२९ या लालबटूचा तपकिरी सोबती. दुसरा शोध पालोमार वेधशाळेतून नाकाजिमा, ओपेनहायमर, कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला होता. यांतील श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ सालचा, कुरुंदवाडचा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशेजारचे, पटवर्धनांच्या थोरल्या आणि धाकट्या पातींत वाटले जाऊन १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालेले ते संस्थानी गाव. त्यांचे शिक्षण हुबळीस व पुढे दिल्लीस झाले, आणि कर्तृत्व कॅलिफोर्नियात बहरले.

या सोबत्याच्या बाबतीत शंकेला जागाच उरली नाही, कारण त्याच्या वर्णपटात मिथेनची खूण स्वच्छ उमटली होती. मिथेन हा तापट घरात न टिकणारा वायू. कोणत्याही ताऱ्याच्या पृष्ठभागावर त्याचे रेणू तगत नाहीत, आणि आपल्या परिचयात तो विपुल दिसतो तो गुरूच्या वातावरणात. सुमारे १९ प्रकाशवर्षांवर, मृगाच्या पायाशी असलेल्या शशक तारकासमूहातील ती ज्योत गुरूच्या खुणा अंगावर वागवीत होती, आणि तरीही गुरूहून कितीतरी पटींनी जड होती. या प्रकरणाला २०२४ साली एक पुरवणी जोडली गेली, ती अशी, की जिला आपण एक समजत होतो त्या ज्योती प्रत्यक्षात दोन असून सुमारे १२ दिवसांत एकमेकींभोवती फेरा पुरा करतात. कुरुंदवाडप्रमाणे येथेही थोरली आणि धाकटी पाती निघाली, म्हणावयाचे.

वरची सरहद्द याप्रमाणे वहिवाटीत आल्यावर खालच्या सरहद्दीचा वाद उभा राहिला, आणि तो अधिक बिकट होता. तपकिरी बटू कोठे संपतो आणि ग्रह कोठे सुरू होतो? सामान्य हायड्रोजन पेटवणे बटूला साधत नसले तरी त्याचा जड भाऊ जो ड्यूटेरियम, तो गुरूच्या सुमारे १३ पट वजनाच्या वर काही काळ पेटतो. तेव्हा तीच हद्द धरावी असा एक पक्ष होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की वजन हा तराजूचा विषय झाला, जातीचा नव्हे. जो ताऱ्यासारखा ढगातून स्वतंत्रपणे आकसून जन्मला तो बटू, आणि जो दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या द्रव्यातून घडला तो ग्रह, मग वजन काही असो. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या समितीने २००३ साली जो मसुदा कायम केला, त्यात दोन्ही पक्षांची समजूत काढण्याचा प्रयत्न दिसतो: ताऱ्याभोवती फिरणारे १३ गुरूंखालचे गोळे ते ग्रह, पण कोवळ्या तारकापुंजांत मोकळे हिंडणारे, त्याच वजनाचे गोळे आढळले तर त्यांना ग्रह म्हणू नये, उपतपकिरी बटू म्हणावे. एकाच वजनाच्या दोघांना दोन खात्यांत घालणारा हा ठराव वाचताना जुन्या महसुली निवाड्यांची आठवण होते. जमीन तीच, पीक तेच, पण एक इनाम आणि दुसरी रयतावा. इनामाचा वाद सुटतो तो मूळ कागद सापडल्याने. येथेही जन्माच्या वेळचा कागद हवा होता, आणि तो धुळीत होता.

तारे आणि ग्रह एकाच फिरत्या मेघातून घडतात, ही कल्पना कांटने १७५५ साली मांडली आणि लाप्लासने १७९६ साली तिला आपल्या परीने आकार दिला. परंतु तिला चक्षुर्वै सत्यम् असा आधार मिळण्यास जवळजवळ दोन शतके जावी लागली. १९८३ साली अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून सोडलेल्या आयरास या अवरक्त दुर्बिणीने आपल्या परिचयाच्या अभिजित ताऱ्याकडे पाहिले, तेव्हा ताऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेने जेवढी ऊब यावी त्याहून अधिक ऊब तेथून येत असल्याचे ध्यानात आले; ताऱ्याभोवतीची धूळ त्याचे तेज पिऊन ते उष्णतेच्या रूपाने परत करीत होती. पुढच्याच वर्षी स्मिथ आणि टेरिल यांनी चिलीतील लास कॅम्पानास येथून बीटा पिक्टोरिस ताऱ्याच्या दोहो बाजूंस पसरलेल्या धुळीच्या चकतीचे छायाचित्रच घेतले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस युरोपच्या आयएसओ दुर्बिणीला कोवळ्या तपकिरी बटूंपाशीही तसलीच जादा ऊब आढळू लागली. प्रश्न आता एवढाच राहिला, की ही परंपरा किती लहान बटूपर्यंत खाली उतरते.

त्याचे उत्तर जेथे सापडले तो तारकासमूह आपल्या पूर्वजांनी कधी पाहिला नाही, आणि महाराष्ट्रात राहून आपणही तो पाहू शकत नाही. दक्षिण ध्रुवाच्या शेजारी असलेला हा सरडा आपल्या क्षितिजावर जवळजवळ मुळीच वर येत नाही, आणि त्यातील ज्या भागाशी आपले काम आहे तो तर कुरुंदवाडच्या घाटावरून काय किंवा मुंबईच्या चौपाटीवरून काय, वर्षाच्या कोणत्याही रात्री उगवतच नाही. त्यामुळे त्याला नक्षत्रांत स्थान नाही आणि पुराणांत कथा नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मसाल्याच्या व्यापारासाठी पूर्वेकडे निघालेल्या डच जहाजांवरील कायझर आणि डी हाउटमन यांनी दक्षिणेच्या ताऱ्यांची मोजदाद केली, आणि तिच्या आधारे प्लँसियस या नकाशाकाराने आपल्या खगोलावर हा प्राणी रेखाटला. आज या सरड्याच्या अंगाशी सुमारे ६०० प्रकाशवर्षांवर एक काळा मेघ आहे, आणि त्यात सुमारे २० लाख वर्षे वयाची, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने अजून पाळण्यातली, पुष्कळ बाळे आहेत. तेथून आज येणारा प्रकाश निघाला तेव्हा दक्षिणेत बहामनी सुलतानांचा अंमल होता.

या मेघाची अवरक्त प्रकाशात पाहणी करून ओआसा, तामुरा आणि सुगितानी या तीन जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यातील ४४वी नोंद म्हणजे ओटीएस ४४. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक, इतकेच त्याचे नाव. जंगमाच्या यादीतील एखाद्या तांब्या-पितळीच्या भांड्याला असते तेवढीच त्याची प्रतिष्ठा होती. २००४ साली केविन लूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वर्णपट तपासला, आणि हा गुरूच्या सुमारे १५ पट वजनाचा, तोवर ठाऊक असलेल्यांत अत्यंत हलक्या बटूंपैकी एक असल्याचे सिद्ध केले. मग त्यांनी त्याच्याकडे स्पिट्झर दुर्बीण वळवली.

ही दुर्बीण ज्या रीतीने पाहत असे ती जरा जवळून समजून घेण्यासारखी आहे. ऑगस्ट २००३ मध्ये अवकाशात गेलेल्या या यंत्राचा आरसा अवघा ८५ सेंटिमीटरांचा, म्हणजे परातीपेक्षा फार मोठा नव्हे. पण द्रवरूप हेलियमच्या साह्याने ते सगळे निरपेक्ष शून्याच्या जवळपास गारठवून ठेवलेले असे. ज्याला दुसऱ्याची ऊब मोजावयाची त्याने आधी स्वतः थंड असावे लागते; तापलेल्या हाताला दुसऱ्याचा ताप कळत नाही, हे घरातील कोणतीही आजी सांगेल. आता अंधाऱ्या माजघरात रात्री विझत आलेली चूल आहे अशी कल्पना करावी. एकच लहानसा निखारा आहे, आणि त्याचा मंद लाल उजेड किती हे आपल्याला दिसते. तेवढ्या निखाऱ्याची धग किती लागावी याचाही अनुभवाने अंदाज असतो. पण हात पुढे केल्यावर अंदाजाहून अधिक धग लागली, तर शहाणा माणूस ओळखतो, की निखाऱ्याच्या भोवतीची राखही तापलेली आहे. स्पिट्झरने हेच केले. आपल्या ३.६ पासून ८ मायक्रॉनपर्यंतच्या चार पट्ट्यांतून तिने ओटीएस ४४ ची ऊब मोजली. एकट्या बटूचे तेज जेथे उतरत जावयास हवे होते तेथे ते हिशेबाप्रमाणे उतरेना. जास्तीची ऊब चकतीची होती. २००५ साली हे जाहीर झाले तेव्हा त्या चकतीत एखादा लहानसा वायुग्रह आणि पृथ्वीएवढे काही खडकाळ ग्रह घडण्याइतका ऐवज असावा, असा अंदाज व्यक्त झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस लूमन यांनाच, त्याच सरड्याच्या मेघात, याहूनही लहान, गुरूच्या सुमारे ८ पट वजनाचा आणि तरीही चकती बाळगणारा गोळा मिळाला. त्याचे नाव चा ११०९१३-७७३४४४, आणि हे नाव नसून पत्ता आहे: विषुवांश ११ तास ९ मिनिटे १३ सेकंद, क्रांती दक्षिण ७७ अंश ३४ कला ४४ विकला. ज्याचे घराणे ठरलेले नाही त्याला सर्व्हे नंबराने ओळखावे, ही तलाठ्याची रीत आकाशातही चालते असे दिसते. ८ गुरूंचा गोळा म्हणजे १३ च्या हद्दीच्या कितीतरी आत, उघडउघड ग्रहांच्या शिवारात. आणि तरीही तो कोणाच्या भोवती फिरत नव्हता, उलट त्याच्याच भोवती ग्रह घडवण्याची सामग्री फिरत होती.

ओटीएस ४४ चे पुढे काय झाले हे या इतिहासातील मला सर्वात बोधप्रद वाटणारे प्रकरण आहे. २०१३ साली हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतील योर्गेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीने त्याचा वर्णपट नव्याने घेतला, आणि हायड्रोजनच्या रेषांवरून असे दाखवून दिले, की चकतीतील द्रव्य अद्यापही बटूवर ओघळत आहे. म्हणजे कोवळे तारे ज्या रीतीने वाढतात त्याच रीतीने हाही वाढत आहे. त्याच निबंधात त्याच्या वजनाचा अंदाज १५ वरून सुमारे १२ गुरूंवर आला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. २००५ साली हा गोळा १३ च्या रेषेच्या अलीकडे, रीतसर तपकिरी बटू होता. २०१३ साली तो रेषेच्या पलीकडे गेला. आणि या आठ वर्षांत तो स्वतः जागचा हलला नव्हता, मोजण्याइतका जड झाला नव्हता की हलका झाला नव्हता. हलली ती मोजणी. मोजणीची साखळी नव्याने ओढली म्हणजे बांधावरचे झाड कधी या शेतात तर कधी त्या शेतात जाते. झाडाला त्याचा पत्ताही नसतो. चकतीची साक्ष मात्र दोन्ही वेळी तीच राहिली: हा ढगातून आकसून, आपल्या भोवती धुळीचा परिवार घेऊन जन्मला आहे. २०१७ साली चिलीच्याच पठारावरील अल्मा दुर्बिणींच्या समूहाने मिलिमीटर लहरींत ती धूळ प्रत्यक्ष टिपली, तेव्हा तिचे वजन एका पृथ्वीहूनही कमी भरले. दाखला आकाराने लहान होता, पण अस्सल होता.

हा दाखला कायमचा नाही, हेही सांगितले पाहिजे. अशा चकत्यांचे आयुष्य काही दशलक्ष वर्षांचे. त्यातील थोडी धूळ ग्रहांत बांधली जाते, थोडी बटूवर पडते, उरलेली उडून जाते. पुढे कोटी-दोन कोटी वर्षांनी कोणी ओटीएस ४४ कडे पाहिले तर त्याला वजनाखेरीज विचारण्यासारखे काही सापडणार नाही, आणि वजनाने कूळ कळत नाही हे आपण पाहिलेच. आपल्या सूर्याचाही हाच इतिहास आहे. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी त्याच्याभोवती अशीच चकती होती. तिचा कागद केव्हाच फाटला, आणि त्याच्या उरलेल्या एका तुकड्यावर बसून आपण दुसऱ्यांचे दाखले तपासीत आहोत. कूळ विचारू नये असे म्हणणाऱ्या आपल्या वाडवडिलांना भीती होती ती विरसाची. थोराच्या मागे काहीतरी क्षुद्र निघेल, याची. सरड्याच्या मेघातील या ४४व्या नोंदीने तसा विरस केला नाही. सूर्याचे कूळ तेच बटूचे, आणि ते चिमटीत मावेल अशा वस्तूपाशी जाऊन थांबते; आजोबांच्या डबीत असे तसलीच, वस्त्रगाळ धूळ.